ओळ कोणी द्यायची

२ मार्च, रविवार

चर्चमध्ये कुठे बसायचं हा प्रश्न आज सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पडला. एकतीस वर्षं मी याच चर्चचा पाळक होतो, आता निवृत्त. मागच्या दारानं आत यायचं आणि सरळ उपदेशपीठाच्या पायऱ्या चढायच्या, एवढंच मला ठाऊक. बाकं मी कायम वरून पाहिली, आणि वरून ती सगळी सारखीच दिसतात.

बायको, मोराग, सर्दीनं घरी होती. निघताना म्हणाली, "माझ्या वडिलांच्या बाकावर बस. डावीकडचं पाचवं." मी जाऊन उजवीकडच्या पाचव्यावर बसलो. वरून जी डावी बाजू ती खाली आल्यावर उजवी होते, हे एकतीस वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतं! दोन मिनिटांत काळी टोपी घातलेली एफी मॅकस्वीन शेजारी येऊन उभी राहिली. त्र्याऐंशी वर्षांची बाई, पण पाठ अजून ताठ. नुसती उभी. तिच्यामागे मधल्या वाटेत आणखी पाचसहा जण खोळंबले. मला वाटलं, जुन्या पाळकाला मान द्यायला थांबलेत. मी आपली सगळ्यांना मान लववली. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "पाळकसाहेब, सरका जरा. मॅकस्वीनांचं बाक आहे ते." सरकलो. कान तापले होते.

मग स्तोत्र सुरू झालं. आमच्याकडे ऑर्गन नाही, दुसरं कुठलं वाद्यही नाही. उपदेशपीठाच्या पायथ्याशी लाकडी कठडा आहे, त्यात एफीचा धाकटा भाऊ इव्हँडर उभा राहतो आणि एकटा ओळ देतो. मंडळी बसल्या जागी ती ओळ उचलते. प्रत्येकजण आपल्या चालीनं, आपली वळणं घेत जातो, तरी सगळे एकाच ठिकाणी येऊन पोचतात, आणि ते पोचतात न पोचतात तोच इव्हँडर पुढची ओळ देतो. हे मी हजारो वेळा ऐकलंय, असं मला वाटत होतं. या वहीत खोटं लिहून कुणाला फसवणार? स्तोत्र चालू असताना मी वर प्रवचनाची पानं लावत असे.

आज हातात पानं नव्हती. आवाज मागून आला, बाजूनं आला, पायाखालच्या फळ्यांतून आला. बाकाची कड धरली होती ती हाताखाली थरथरत होती. लाट काठावरून पाहायची आणि लाटेत उभं राहायचं, यात केवढं अंतर! तोंड उघडायचं भानच राहिलं नाही. हे सगळं दर रविवारी माझ्या समोर चाललं होतं?

एकच गालबोट लागलं, ते एफीचं. दर स्तोत्राआधी, ऐन शांततेत, 'हंऽ' करून ती घसा साफ करते. वरपर्यंत ऐकू यायचं ते, इतकी वर्षं. आज तर कानातच. कुणीतरी बाईंना खोकल्याच्या गोळ्या द्यायला हव्यात.

घरी आल्यावर मोरागनं विचारलं, "नव्या बाईंचं प्रवचन कसं झालं?" एक शब्द आठवत नव्हता.

४ मार्च, मंगळवार

नव्या पाळकबाई, आयल्सा ग्रीव्ह, चहाला येऊन गेल्या. चौतीस वर्षांच्या, तीन गावांची चर्च सांभाळतात, आमच्या स्तोत्रांची गेलिक भाषा येत नाही पण शिकतायत. फार अदबीनं बोलल्या. जुन्या पाळकानं गाव सोडून जायचं, निदान नव्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा आमच्यातला शिरस्ता. मोरागच्या वडिलांचं घर इथे आहे म्हणून आम्ही राहिलो. मी त्यांना शब्द दिला, "मी फक्त बाकावर बसेन. तोंड उघडणार नाही."

त्या गेल्यावर मोराग म्हणाली, "तू? तोंड उघडणार नाहीस? थांब, कॅलेंडरवर खूण करून ठेवते."

१३ मार्च, गुरुवार

इव्हँडरला सोमवारी झटका आला. स्टोर्नोवे शहरातल्या हॉस्पिटलातून आज घरी आणला, त्याच्याच हट्टानं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चाळीस वर्षं ज्याच्या गळ्यावर सगळं गाव गायलं, त्याच्या तोंडून 'आ'सुद्धा निघेना. मी जाऊन बसलो. आत स्वयंपाकघरात एफी ओटच्या भाकऱ्या भाजत होती. मागच्या खोलीतला इव्हँडरचा कापड विणायचा माग बंद, म्हणून घर भलतंच शांत वाटत होतं.

त्यानं डाव्या हातानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं. चार शब्दांना पाच मिनिटं लागली. 'मला नेताना ओळ हवी.' मग खाटेशेजारची काठी उचलून माझ्याकडे रोखली. हात थरथरतो बिचाऱ्याचा. काठी माझ्या खांद्यावरून पार स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होती. मी ती हळूच धरून माझ्या छातीशी आणली. म्हणालो, "समजलं, इव्हँडर. ओळ मी देईन. हा माझा शब्द."

त्यानं डोळे मिटले आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिला. त्याला भरून आलं असावं. आत एफीच्या हातून तवा आपटला.

एवढ्या लोकांतून त्यानं मला निवडलं. परत येताना पाय जमिनीला लागत नव्हते. आकाश इतकं मोकळं होतं की समुद्रापलीकडची बेटं मोजता आली. आणि अर्ध्या वाटेत आठवलं, मला गाता कुठे येतं?

१६ मार्च, रविवार

कठड्यात आज हेक्टर उभा राहिला. चर्चच्या वडील मंडळींतला, पूर्वीचा पोस्टमन. पट्टी इतकी खाली लागली की दुसऱ्या ओळीला पुरुष विहिरीच्या तळातून बोलत असल्यासारखे वाटायला लागले आणि चौथ्या ओळीला सगळं पुटपुटण्यात विरघळलं. हेक्टर लालबुंद होऊन बसला. दार लावताना म्हणाला, "पुन्हा मला सांगू नका. मी पत्रं वाटली, तेवढं बास."

एक बरं झालं, आज एफी खाकरली नाही. दगडासारखी बसून होती.

आयल्साबाईंनी जाहीर केलं, तूर्त स्तोत्र नुसतं वाचूया. त्यांचं चुकलं म्हणवत नाही. पण बाहेर पडताना म्हाताऱ्यांचे चेहरे पाहवत नव्हते. गावात ओळ देणारा दुसरा उरलेला नाही. मी शब्द पाळला नाही तर इव्हँडर वाचलेल्या स्तोत्रावर मातीत जाईल.

२१ मार्च, शुक्रवार

मेंढ्यांच्या गोठ्यात रियाज चालू. ओळी मला सगळ्या पाठ, चालीही कानात आहेत. पण पहिला सूर कुठे धरायचा, तेच कळत नाही. वर धरला तर तिसऱ्या ओळीला गळा फाटतो, खाली धरला तर हेक्टर.

मोराग दारात येऊन उभी राहिली. "फार्कर, मेंढ्या व्यायला दोन आठवडे आहेत अजून. त्यांना घाई करू नकोस."

"मी एका मरणाऱ्या माणसाला शब्द दिलाय."

"त्यानं मागितला होता का?" असं म्हणाली आणि बादली घेऊन निघून गेली. बायकांचं बोलणं!

२९ मार्च, शनिवार

आज चमत्कार झाला. शांतपणे लिहायला हवं, पण हात थांबत नाही.

इव्हँडरच्या खाटेशी बसून ओळ म्हणून दाखवत होतो. चुकली की तो जमिनीवर काठी आपटतो. अकरा वेळा आपटली. मला रडू यायचं बाकी होतं. एवढ्यात एफी चुलीत जाळायची पीटची, वाळलेल्या मातीची ढेकळं न्यायला स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला पाहून थांबली, तोंड फिरवलं आणि नेहमीसारखी खाकरली, 'हंऽ'. मी बाराव्यांदा सुरुवात केली, आणि ओळ लागली! अशी लागली की माझ्याच छातीत घुमली. चारही ओळी एका श्वासाच्या वाटेनं खाली उतरल्या. खिडकीची काच वाजली. इतका जुना सूर, शेकडो वर्षांच्या मेलेल्या माणसांच्या तोंडातून आलेला, आणि तो माझ्या तोंडातून गेला. मी घाबरलोच.

इव्हँडर हसत होता. झटका आल्यापासून पहिल्यांदा, अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होता. आनंदानं, दुसरं काय. देवाची कृपा झाली.

३१ मार्च, सोमवार

मोरागला चमत्कार सांगितला. तिनं विणकाम खाली ठेवलं. मोराग विणकाम खाली ठेवते तेव्हा मी गप्प बसतो.

म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही? सूर एफीचा असतो. पहिल्यापासून. इव्हँडरचा आवाज सोन्यासारखा, पण पट्टी धरता येत नाही त्याला, लहानपणापासून. ती खाकरते आणि तो तिथून उचलतो. पोरासोरांना ठाऊक आहे. चर्चमध्ये एकट्या तुलाच ठाऊक नव्हतं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी?" मग जरा थांबून म्हणाली, "एकदा तीच आली होती सांगायला. इव्हँडरचा पाय मोडला होता, चर्चमध्ये ओळ द्यायला कुणी नव्हतं. अठ्ठ्याण्णव साल."

मला काही म्हणता काही आठवेना. माळ्यावरच्या पेटीतून त्या वर्षाची दैनंदिनी काढली. माझंच अक्षर. १७ नोव्हेंबर १९९८: 'गारा. एफी मॅकस्वीन येऊन गेली, स्तोत्राबद्दल. ओळ देणं बायकांचं काम नव्हे, असं समजावलं. तिनं आणलेल्या भाकऱ्या उत्तम.'

एवढंच. पुढे चार पानं बायबलातल्या पौलाच्या पत्रावर लिहिली आहेत.

तिथेच माळ्यावर बसलो. एवढ्याशा 'हंऽ'वर शंभर-सव्वाशे माणसं चाळीस वर्षं देवापर्यंत पोचत होती. मी वर उभा राहून पानं लावत होतो आणि खाली आल्यावर गोळ्या सुचवत होतो. भीती वाटावी अशी गोष्ट आहे ही. आणि लाज तर इतकी वाटते की खाली उतरवेना. शेवटी मोरागनं हाक मारली, "उतर आता, बटाटे निवतायत."

२ एप्रिल, बुधवार

एफीकडे गेलो. मागावर बसली होती. भावाचं अर्धं राहिलेलं कापड पुरं करतेय. मी म्हणालो, "एफी, मला सगळं कळलं."

"बरं झालं," म्हणाली. पाय थांबवले नाहीत.

"तुम्ही आला होता तेव्हा मी चुकलो. मूर्खासारखा बोललो. मला क्षमा करा."

आता माग थांबला. "ते जुनं झालं, पाळकसाहेब. काय काम काढलंत?"

"ओळ तुम्ही द्या. इव्हँडरला नेताना."

"शब्द तुम्ही दिलाय."

"त्यानं मलाच निवडलं म्हणून दिला ना!"

एफी माझ्याकडे पाहत राहिली. मोठी माणसं अडाणी पोराकडे पाहतात तशी, पण रागानं नाही. "त्यानं काठी कुणाकडे केली होती, ते मी आतून पाहिलं."

उघड्या दारापलीकडच्या खाटेवरून खुसखुसून हसणं ऐकू आलं. इव्हँडर जागा होता. मी विचारलं, "मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"पाळक बोलत होते," एफी म्हणाली. "पाळक बोलत असताना मध्ये बोलू नये, असंच शिकवलंय आम्हाला."

मी खूप विनवलं. तिनं ऐकलं नाही. "चाळीस वर्षं गावानं माझ्या भावाला मान दिला. तो जायच्या दिवशी मी सगळ्यांदेखत ओळ देऊ? म्हणजे पट्टी माझी होती हे त्याच्या पेटीसमोर सांगू?"

"पण गावाला ठाऊकच आहे म्हणे."

"ठाऊक असलेलं वेगळं आणि कानांनी ऐकलेलं वेगळं."

खाटेवर काठी आपटली. एकदा, दोनदा. एफी तिकडे न बघता म्हणाली, "आपट. हवी तेवढी आपट. मी तुझी थोरली आहे." मग माझ्याकडे वळली. "ओळ तुम्हीच द्या. मी माझ्या जागेवर बसून खाकरेन. तेवढं करेन. पण माझी वाट पाहा, घाई करू नका."

१० एप्रिल, गुरुवार

इव्हँडर पहाटे गेला. गावातले सगळे माग दुखवट्यासाठी बंद. दोऱ्यांवर एक कपडा नाही. आयल्साबाई आल्या. मी काही म्हणायच्या आतच म्हणाल्या, "ओळ तुम्ही देणार असं ऐकलं. मला त्यातलं काही कळत नाही, मिस्टर मॅकरिची. तुम्ही आहात, याचा आधार वाटतो."

तो आधार उठून थेट गोठ्यात रियाजाला गेला.

१४ एप्रिल, सोमवार

आज बाराला नेला. जसं झालं तसं लिहितो.

चर्च गच्च भरलं होतं, बाहेर भिंतीला टेकूनही माणसं. मी कठड्यात उभा राहिलो. पेटी माझ्यापासून दोन हातांवर. एफी तिच्या बाकावर, टोपीची काळी जाळी तोंडावर. उपदेशपीठावर मला कधी भीती वाटली नाही, आणि इथे तर उंचीही नव्हती, तरी वाटली. आयल्साबाईंनी स्तोत्र सांगितलं. सगळे गप्प झाले.

मला वाट पाहायची होती. एफी खाकरेपर्यंत थांबायचं, एवढंच काम होतं. पण एफीची मान खाली होती, खांदे हलत होते. ती शांतता वाढत गेली. शांतता दिसली की ती भरून काढायची, हा आमच्या धंद्याचा जुना रोग. मला राहवलं नाही. मी सुरुवात केली.

पट्टी आभाळात लागली. पहिल्याच शब्दाला कळलं. मंडळींनी इमानानं ओळ उचलली, बायका कशाबशा पोचल्या, पुरुषांच्या मानेच्या शिरा ताणल्या. दुसऱ्या ओळीला अर्धे गळले. तिसरी ओळ द्यायला मी तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही. पुन्हा उघडलं, नाही. ओळ देणारा अडला तर दुसऱ्या पुरुषानं उचलायची, असा रिवाज आहे. मी हेक्टरकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले. कुणी उठलं नाही. इव्हँडर पेटीत, आणि स्तोत्र अर्ध्यात. माझ्या शब्दाची ही गत झाली.

तेव्हा एफीनं ओळ दिली.

बसल्या जागेवरून, मान वर न करता. आधी खाकरली नाही. आता कुणासाठी खाकरायचं? तिसरी ओळ तिनं खालच्या, भावाच्या पट्टीत धरली. आवाज जाड होता, म्हातारा होता, कडेला चिरलेला होता, आणि तो कुठेही अडखळला नाही. ओळ संपली. मला वाटलं, आता काय होणार? बाईनं दिलेली ओळ इथे कुणी उचललेली नाही, कधीच. मीच उचलू दिली नव्हती.

मग सगळं चर्च उठल्यासारखं झालं. बसूनच होते सगळे, पण आवाज उठला. भिंतींबाहेरची माणसंसुद्धा गायला लागली. खिडक्यांतून त्यांचा सूर थोडा मागून येत होता आणि आतल्या सुरात मिसळत होता. हेक्टरच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो पोस्टमन सिंहासारखा गात होता. वर आयल्साबाई पुस्तक तसंच उघडं धरून उभ्या होत्या, तोंड उघडं, शब्द एक कळत नव्हता. एफी ओळीमागून ओळ देत गेली. काय सांगू? समुद्र, वारा, मेलेले, जिवंत, सगळे एका जागी येऊन पोचत होते आणि पोचतात न पोचतात तोच ती त्यांना पुढे नेत होती. देव या गावात आहे असं मी एकतीस वर्षं सांगत आलो. आज मला त्याची भीती वाटली. मी कठड्यातून बाहेर आलो, पेटीशेजारी पायरीवर बसलो आणि गायला लागलो. कसा गायलो, माहीत नाही.

आमच्यात बायका कबरीपर्यंत येत नाहीत. आम्ही पुरुषांनी आठ-आठ जणांनी खांदा बदलत पेटी वाळूतल्या दफनभूमीपर्यंत नेली. माती लोटून झाल्यावर हेक्टर एवढंच म्हणाला, "रविवारी वाचायची गरज नाही आता." बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळी सभा, सगळा ठराव तिथेच झाला. मी तोंड उघडलं नाही.

परत त्यांच्या घरी चहाला गेलो. एफी जाळी वर करून किटली घेऊन फिरत होती. डोळे सुजलेले. माझ्यापाशी आली तेव्हा मी म्हणालो, "एफी, मी वाट पाहिली नाही. मला..."

"पट्टी फार वर घेतलीत," ती म्हणाली.

"हो."

"मग पायरीवर बसून गात होता, ते तुम्हीच ना?"

"ऐकू आलं तुम्हाला? एवढ्या लोकांत?"

"आलं की." तिनं माझा कप भरला, काठोकाठ. "एकतीस वर्षं झाली, पाळकसाहेब. तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला."